अकरा नंबरची खाट आणि माझी टाकी

ती. काकांस,

गेल्या दोन वर्षांत राहून गेलेले सगळे नमस्कार एकदमच स्वीकारावेत. आम्ही इकडे खुशाल आहोत आणि तुम्हीही तिकडे खुशाल असाल, असं रिवाजाप्रमाणे लिहून पुढे सरकणार होतो, पण खरंच कसे आहात ते कळवा. काकूंचे गुडघे काय म्हणतात? जिन्याशी त्यांचं भांडण मिटलं की अजून जिना बघितला की कपाळाला आठ्या? आणि तुमची तब्येत? दम लागणं, पायावर सूज, छातीत धडधड असलं काही नाही ना? (सहज विचारतो. तुमच्या वयाच्या माणसाला सहज विचारावं असंच हे आहे.) रक्तदाबाची गोळी वेळच्या वेळी घेता ना? तेही सहजच. या पत्रामागे माझं काहीएक काम नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण दोन वर्षं गप्प बसलेल्या पुतण्याचं पत्र आलं की तुम्ही चष्मा लावून पहिल्यांदा शेवटचं पान उलटणार, हे मी ओळखून आहे. कृपया शेवटचं पान आत्ताच उघडू नये.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरी भरल्या ताटावर जे झालं, त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणजे तुम्ही एकतीस वर्षं ज्या नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रावर घालवलीत, जिथे मला हाताला धरून हे काम शिकवलंत, त्याला मी सगळ्यांदेखत ‘गावचं गटार’ म्हणालो आणि आमच्या इस्पितळाच्या तेव्हा होऊ घातलेल्या केंद्राला ‘शास्त्र’ म्हणालो, त्याबद्दल. तुम्ही जेवण अर्धं टाकून उठलात आणि हात धुता धुता एवढंच विचारलंत, की तुझ्या त्या शास्त्राला नाक आहे का? मी हसलो होतो. (तुमच्या भाषेत, दात काढले होते.) ते हसणं मला त्यानंतर बऱ्याच वेळा आठवलं आणि दर वेळी पहिल्यापेक्षा वाईट वाटलं. असो. लिहायचं नाही म्हणता म्हणता लिहून झालंच आहे, तर आता खोडत बसत नाही.

आमचं केंद्र तुम्ही पाहिलेलं नाही. (पाहिलं असलंच तर लांबून, एखाद्या वरच्या मजल्यावरून वगैरे, तो प्रश्न वेगळा.) इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि गाड्या लावायची जागा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ते बसवलं आहे. वरचं सगळं खाली माझ्याकडे येतं. पेशंटच्या पोटात गेलेल्या औषधातला बराचसा भाग जसाच्या तसा बाहेर पडतो, हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे आगाऊपणाच. साध्या केंद्रातून तो सरळ नदीला मिळतो, मग डोकं न दुखणारे मासे डोकेदुखीची गोळी घेत राहतात आणि नदीतले जंतू प्रतिजैविकं रोज थोडी थोडी चाखून निर्ढावतात. म्हणून आमच्याकडे तीन पायऱ्या. आधी हवेची टाकी, तिच्यात मंडळी राहतात. (जिवाणूंना मी मंडळी म्हणतो. शब्द तुमचाच, न विचारता उचललेला.) मंडळी मळ खातात. मग ओझोन वायू, तो उरलेल्या औषधाचे तुकडे पाडतो. मग कोळशाचा थर, तो जे उरलं असेल ते धरून ठेवतो. ओझोन आणि कोळसा नवे, चकचकीत, पाहुण्यांना दाखवण्यासारखे. मंडळी आपली तपकिरी, गढूळ, कुणी फोटो काढणार नाही अशी. पण त्यांनी मळ खाल्ला नाही, तर ओझोन त्या मळाशीच झुंजत बसतो, कोळसा गाळाने तुंबतो आणि औषध बाजूने शीळ घालत नदीकडे निघून जातं. हे मी विसरलो होतो असं नाही. पाहुण्यांना सांगायचं मात्र सोडून दिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. (काम नव्हे, गोष्ट.) केंद्राला वर्ष झालं तेव्हा मोठ्या साहेबांनी सगळ्या वॉर्डांच्या सिस्टरना, औषधवाटपवाल्यांना आणि सफाईच्या मावशींना खाली बोलावलं आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बावीस मिनिटं बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेवटी हात वर करून, वरून काहीही येऊ द्या, या यंत्रातून औषधाचा कणसुद्धा जिवंत सुटत नाही, असं म्हणालो आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांची चटक फार वाईट, काका. मी लगेच दुसऱ्या दिवशी पाटी रंगवून घेतली: ‘येथे प्रत्येक औषध नष्ट होते.’ पाटीवरचा बाण मी स्वतः काढला आणि तो जरा ठळकच आला.

चार महिन्यांनी तपासणी लागली. निरीक्षक वॉर्डांतली कपाटंही बघणार आणि खाली माझं केंद्रही बघणार. मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, की मुदत संपलेलं एकही औषध कपाटात दिसता कामा नये. आता अशा औषधांची रीत ठरलेली आहे: यादी करायची, तीन सह्या घ्यायच्या, पिशवीत भरून जाळायला पाठवायची. पण तीनपैकी एक सही ज्यांची, ते गृहस्थ रजेवर. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. सिस्टर लोक अडून बसणारे नव्हेत. त्यांना माझं भाषण आठवलं. शिवाय बाण होताच. दुपारच्या जेवणानंतर पाचही मजल्यांवर, कुणी कुणाला न सांगता, प्रत्येकीने आपापलं कपाट आपापल्या बेसिनमध्ये रिकामं केलं. ताकदवान प्रतिजैविकांच्या बाटल्या, खोकल्याची सिरपं, जंतुनाशकाचे डबे, सगळं. प्रत्येकीला वाटलं, आपल्या तर चारच बाटल्या आहेत. संध्याकाळी कपाटं अशी लख्ख झाली, की चेहरा बघून भांग पाडावा.

सकाळी निरीक्षक आले, कपाटं बघून खूश झाले, मोठ्या साहेबांची पाठ थोपटली आणि मग खाली आले. मी दार उघडलं. काका, टाकी दिसतच नव्हती. टाकीच्या जागी फेसाचा डोंगर होता, पांढराशुभ्र, आणि तो सावकाश, घाई न करता, गाड्या लावायच्या जागेकडे निघाला होता. मोठ्या साहेबांची नवी गाडी आरशांपर्यंत आत गेलेली. आणि वास? नेहमीचा नव्हता, वाईटही नव्हता. खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास सगळीकडे पसरला होता. निरीक्षकांचे बूट पांढरे होते म्हणून सुरुवातीला फेस कुठे संपतो आणि ते कुठे सुरू होतात हे कळेना. त्यांनी त्या फेसात उभं राहून पाण्याचा नमुना घेतला. माझ्या मागे, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, पाटी होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

नमुना अर्थातच नापास झाला. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एरवी लगबगीने फिरणारी मंडळी जिथल्या तिथे आडवी. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. दीड वर्ष मी त्यांना वाढवलं होतं. निरीक्षकांनी वीस तारखेला पुन्हा नमुना घेणार असं लिहून दिलं आहे. तो नापास झाला तर केंद्र एका बाहेरच्या कंपनीच्या ताब्यात जाणार. त्या कंपनीचा माणूस रोज येतो. त्याच्या हातात चकाकत्या पानांचा कॅटलॉग असतो, म्हणून आम्ही त्याला कॅटलॉगवाला म्हणतो. तो टाकीकडे बघत नाही, भिंती मोजतो. आणि मी धुलाईघरात चादरी मोजायला जाणार, असं मोठ्या साहेबांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं आहे. चादरींविषयी माझ्या मनात आकस नाही. पण चादर आजारी पडत नाही, बरीही होत नाही, तिच्याशी माणसाने बोलायचं काय?

एवढ्यानेही भागलं नाही म्हणून की काय, त्याच दिवशी मला एक पेशंट लागला. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, अकरा नंबरची खाट. कोणी म्हातारे गृहस्थ होते. (तुमच्याशी काडीचं साम्य नाही, गैरसमज नसावा.) दिवसभर खिडकीतून माझ्या टाकीकडे बघत बसायचे आणि सफाईच्या मावशींच्या हाती चिठ्ठ्या पाठवायचे. पहिली चिठ्ठी आली ती अशी: ‘टाकीवाल्यास. फेसावर पाण्याचा फवारा मारत बसू नकोस, तो कार वाचवायचा उपाय आहे, टाकी वाचवायचा नाही. हवा वाढव. गाळ बाहेर काढणं बंद कर.’ ओळख ना देख, सरळ एकेरीत! मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, की पेशंटने आपल्या सलाईनच्या बाटलीकडे लक्ष द्यावं, टाकीला तिचा डॉक्टर आहे. तासाभरात उत्तर हजर: ‘डॉक्टर असेल तर त्याला आधी नाकावरचा फडका काढायला सांग.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मोठ्या अक्षरांत उलट लिहून पाठवलं, की इथे मीटर आहेत, नळ्या आहेत, रंग बदलणाऱ्या पट्ट्या आहेत, नाकाने टाक्या चालवायचे दिवस गेले. वर आणखी काही विशेषणं होती, ती इथे देत नाही. (मावशींनी ती वाचली आणि म्हणाल्या, एवढं लिहिलंत तर आता सहीपण करा. केली.) मग रोज दोन-तीन चिठ्ठ्या. डावीकडच्या नळीला हवा लागत नाही, बुडबुडे मोठे येतात, जाळी फाटली असेल. खालच्या टाकीतला गाळ परत वर फिरव. स्वयंपाकघरातून साखरेचं पाणी आण, थोडं थोडं पाज, ताप उतरलेल्या माणसाला पाजतात तसं. स्वभाव असा हट्टी, असा खवचट, असा सगळं आपल्यालाच कळतं असं मानणारा, की मी सौ.ला रोज घरी जाऊन सांगत होतो, असा तऱ्हेवाईक म्हातारा मी जन्मात पाहिला नाही. ती खाली मान घालून भाजी चिरत असायची आणि तिचे खांदे हलत असायचे. मला वाटायचं, कांदा असेल.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की वरून नक्की कोणी काय ओतलं याचा छडा लावायचा. प्लंबरला घेऊन एकेका वॉर्डातल्या बेसिनखालचा वाकडा पाइप उघडत निघालो. काका, लोक बेसिनमध्ये काय काय घालवतात! एक कवळी निघाली, दोन कानातले, एक थर्मामीटर, आणि एक प्रेमपत्र, त्याचा मजकूर पाण्याने धुऊन गेला होता पण ‘नाही’ एवढा शब्द राहिला होता. दुसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा अकरा नंबरचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर घट्ट धरलेलं. मी वीस मिनिटं त्यांच्या उशाशी जमिनीवर बसून पाइप खोलत होतो आणि मुद्दाम मोठ्याने, नाकं खुपसणाऱ्या पेशंटांविषयी प्लंबरला माझं मत ऐकवत होतो. वीस मिनिटांत त्यांनी पान उलटलं नाही. वर्तमानपत्रही उलटं होतं. मी मनात म्हणालो, घ्या, हा माझ्या टाकीचं निदान करणार.

त्या पाइपातून निळ्या गोळ्या निघाल्या. पट्टीतून कापलेले सात तुकडे, प्रत्येकात एकेक गोळी, चंदेरी वेष्टनात बंद. मी त्या सिस्टरच्या हातावर ठेवल्या. सिस्टरने खाटेकडे बघितलं, मग वर्तमानपत्राकडे, आणि कंबरेवर हात ठेवले. त्यानंतर अकरा नंबरला प्रत्येक गोळी तिच्यासमोर गिळून, तोंड उघडून, जीभ वर करून दाखवावी लागली. त्या दिवशीची चिठ्ठी एकाच शब्दाची होती: ‘चुगलखोर.’

ओतण्याचा गुन्हेगार मात्र मिळाला. मी त्याच सिस्टरला, पाचही मजल्यांच्या वाटचं, बरंच काही सुनावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, की तुम्हीच म्हणालात ना, वरून काहीही येऊ द्या? तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. मी जिन्यावर बसलो. गुन्हेगार मीच, बाण माझ्याच हातचा. खाली आलो, पाटी उतरवली आणि कुणी बघत नाही असं बघून नाकावरचा फडका काढला. तेव्हा कुठे कळलं, की मला टाकीतून कसलाच वास येत नाहीये. तुम्ही पहिल्या दिवशी मला कठड्यापाशी उभं करून सांगितलं होतं, पाऊस न पडताही ओल्या मातीचा वास आला की समज मंडळी जेवताहेत. माझ्या टाकीला काहीच वास नव्हता. मग मी अकरा नंबरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्यात लिहिलेलं एकूण एक केलं. हवा वाढवली, नळीची जाळी बदलली (फाटलेलीच होती), गाळ वर फिरवला, साखरेचं पाणी पाजलं. चिठ्ठी पाठवून हे कबूल मात्र केलं नाही.

आता सूक्ष्मदर्शकाखाली शंभरात दहा-पंधरा जण उठून बसलेले दिसतात. पण वीस तारखेपर्यंत एवढ्यांनी सगळ्या इस्पितळाचा मळ खाऊन दाखवायचा म्हणजे कठीण आहे. असो, हे माझं मी बघेन. तुम्ही काळजी करू नये. तुमची तब्येत सांभाळावी, काकूंना नमस्कार सांगावा. सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे माझं काही काम नव्हतं.

तुमचा,
पुतण्या (शास्त्रवाला)

ता. क. – बरं, आहे काम. तुमच्या केंद्रातल्या जिवंत, मंडळींसकटच्या गाळाचे दोन ड्रम माझ्या टाकीत ओतायला मिळतील का? चार केंद्रांना विचारलं. एकाने पत्र द्या म्हणून सांगितलं, दुसऱ्याने त्या पत्रावर सही आणा म्हणून, बाकी दोघांनी फोन ठेवला. शिवाय तुमच्या मंडळींनी गावातल्या एकूण एक घरातली औषधं पचवली आहेत, ती आमच्या लाडावलेल्या मंडळींसारखी कोलमडणार नाहीत. गावच्या गटाराबद्दल मी जे म्हणालो ते नाक मुठीत धरून मागे घेतो. ड्रम पूर्ण भरू नयेत, झाकण घट्ट लावू नये आणि सहा तासांत पोचावेत, हे तुम्हाला सांगायला नको. तरी सांगितलं, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

ता. क. २ – अकरा नंबरची खाट गेल्या मंगळवारी रिकामी झाली. मी त्या दिवशी शेवटचं चोख उत्तर तोंडीच द्यायला वर गेलो होतो. चादर बदलून झाली होती, पण पायथ्याच्या पाटीवरचं नाव पुसायचं राहिलं होतं. मी ते नाव वाचलं आणि मग तिथे, त्या खिडकीशी, तुमच्या खाटेवर बसून राहिलो. माझी टाकी तिथून फार छान दिसते. दहा दिवस, काका! दोन जिने चढून ते उलटं वर्तमानपत्र बाजूला केलं असतं तर भेट झाली असती, आणि मी चिठ्ठ्यांतून विशेषणं पाठवत बसलो. घरी जाऊन सौ.ला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी काकांनी शपथ घातली होती. दहा दिवस माझा डबा निम्मा का यायचा, याचाही उलगडा झाला. उरलेला निम्मा वर कुणाकडे जात होता तेही कळलं. खांदे हलायचे ते कांद्याने नव्हे.

ता. क. ३ – पत्र पाकिटात घालताना त्या सात गोळ्या आठवल्या. बेसिनमध्येच टाकायच्या होत्या तर वेष्टन काढून टाकणं सोपं होतं, विरघळल्या असत्या आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तुम्ही त्या बंद वेष्टनातच टाकल्यात, माझ्या टाकीत उतरू नयेत म्हणून. माझ्यावर एवढे रागावलेले असताना. काका, मंडळींना रक्तदाब नाही. तुम्हाला आहे.

ता. क. ४ – हे पत्र टपालात टाकायला निघालो तर फाटकाशी नगरपालिकेचा टेम्पो उभा. दोन ड्रम, पाऊण भरलेले, झाकणं सैल. वर चिठ्ठी: ‘टाकीवाल्यास. ओतण्याआधी वास घे.’ माझं पत्र पोचायच्या आधीच मागणी पुरी झाली, तेव्हा खरं तर आता ते पाठवायचं कारण उरलेलं नाही. कॅटलॉगवाला जवळच भिंत मोजत होता. त्याला ड्रम उतरवायला दुसऱ्या बाजूने धरायला लावलं. मग फडका काढून ड्रमात डोकं घातलं. ओल्या मातीचा वास आला, काका, अगदी तसाच. मी बराच वेळ डोकं वर काढलं नाही, वर काढण्यासारखा चेहरा नव्हता.

ता. क. ५ – तरीही पत्र पाठवतोच आहे, कारण आत्ताच काकूंचा फोन आला, की तुमच्या खोलीच्या खिडकीखालच्या कुंडीत सहा निळ्या गोळ्या सापडल्या, वेष्टनात. तिथे सिस्टर नाही म्हणून सांगतो: येत्या रविवारी मी आणि सौ. तुमच्याकडे येत आहोत, जेवायला नव्हे, गोळीच्या वेळेला. तोंड उघडून, जीभ वर करून दाखवावी लागेल.